पंचवीस पिल्लांचं वाण

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.

आजपासून डायरी. ही २०१९ ची आहे, हे रिटायर झाले त्या वर्षी स्टील प्लांटमधून मिळालेली. एकही पान लिहिलेलं नाही. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहीन. नासाडी नको.

विषय एकच: स्पायडर प्लांट. घरच्या गोष्टी इथे लिहायच्या नाहीत. तसं घरात लिहिण्यासारखं काही नाहीच. सगळं ठीक आहे.

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून स्पायडर प्लांटचं एक एक पिल्लू लुटणार. पंचवीस बायका, पंचवीस पिल्लं, पंचवीस कुल्हड. गेल्या वर्षी शेजारच्या मैनाबाईंनी प्लास्टिकच्या डब्या दिल्या. त्याआधीच्या वर्षीही डब्याच. माझ्या कपाटात अकरा आहेत, एकीचंही झाकण लागत नाही. जिवंत वस्तू द्यावी. दिली तरी आपल्याकडे उरते, असं दुसरं वाण कुठलं?

आईझाडाला आज नऊ पिल्लं लोंबत आहेत. जानेवारीपर्यंत पंचवीस सहज. हे झाड कुणालाही जमतं. मला तर जमतंच.

३ नोव्हेंबर.

झाडाचा इतिहास लिहायचा राहिला. ह्यांच्या कंट्रोल रूमच्या खिडकीत हे झाड होतं. ब्लास्ट फर्नेसची भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याचं काम ह्यांच्याकडे, चौतीस वर्षं. भट्टीचं पाणी क्षणभर थांबलं तर भट्टी जळते, असं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ह्यांनी मला सांगितलं होतं. मी रेल्वेतल्या गार्डची मुलगी, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मला वाटलं होतं, नवरा चंद्राबद्दल वगैरे बोलेल. आमगावकडचा माणूस, तो पाण्याबद्दल बोलला.

रिटायरमेंटच्या दिवशी हार, श्रीफळ, घड्याळ मिळालं. त्याशिवाय ह्यांनी टिफिनच्या खालच्या डब्यातून त्या झाडाचं एक पिल्लू आणलं. क्वार्टर सोडून रुआबांध्यात स्वतःच्या घरी आल्यावर जी पहिली वस्तू व्हरांड्यात ठेवली, ती हीच.

आज हे तीन वेळा दही घेऊन आले. कढी केली.

६ नोव्हेंबर.

मैनाबाईंना वाणाबद्दल मुद्दाम सांगितलं नाही. फक्त फाटकापाशी उभी राहून कामवाल्या दुर्गाला जरा मोठ्यानं सांगितलं. मैनाबाई म्हणाल्या, "झाड देऊन राहिल्या का वहिनी? मरते ना बाप्पा ते." मी हसून सोडून दिलं. मला कुणाचा राग येत नाही.

दुपारी त्यांच्या तुळशीकडे सहज पाहिलं. काड्या उरल्या आहेत.

९ नोव्हेंबर, रविवार.

पुण्याहून रेणूचा फोन. बापलेक बोलले. मग तिनं मला घेतलं आणि म्हणाली, आई, बाबांनी मला चार वेळा विचारलं की गाडी किती वाजता पोचली. मी कुठल्या गाडीत बसलेली नाहीये.

मी म्हटलं, नेटवर्क खराब आहे, इकडे आवाज फिरून फिरून येतो. ती म्हणाली, एकदा डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, आधी पिल्लं लावून होऊ देत. एका वेळी एक काम.

१३ नोव्हेंबर.

मातीचे कुल्हड आले. चहावाल्याकडून बत्तीस घेतले. खाली भोक पाडताना सात फुटले. दुर्गा म्हणाली, मॅडम, मी खिळ्यानं पाडून देते. तिनं पाडले, एकही फुटला नाही. मी जे सात फोडले त्यावरून ती शिकली.

नऊ पिल्लं लावली. कुल्हड परातीत, परात व्हरांड्याच्या कट्ट्यावर, आईझाड शेजारी ताटलीत. मोठं कुटुंब वाटतं.

१७ नोव्हेंबर.

पानांची टोकं तपकिरी. कारण: प्लांटची लाल धूळ. एकेक पान ओल्या फडक्यानं पुसलं. दीड तास लागला. हे शेजारी खुर्ची टाकून बसले होते, म्हणाले, "फार मन लावून करून राहिली तू." बरं वाटलं. मग विचारलं, "हे झाड कोणाचं व्हय?"

मस्करी करतात. पहिल्यापासून असेच.

२१ नोव्हेंबर.

टोकं आणखी तपकिरी. कारण धूळ नाही, नळाच्या पाण्यातलं औषध. आता पाणी बादलीत रात्रभर ठेवून मग द्यायचं. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी. मोबाइलवर वाचलं.

माती मात्र सारखी ओली. थंडी आहे, सुकत नाही.

हे आज बाजारात स्कूटरवर गेले आणि चालत आले. स्कूटर बाजारातच राहिली. चालणं ह्या वयात चांगलं. स्कूटर संध्याकाळी मैनाबाईंच्या मिस्टरांनी आणून दिली. काही न विचारता दिली, हे त्यांचं चांगलं.

२८ नोव्हेंबर.

दोन पिल्लं मान टाकून बसली. देठाशी बोट लावलं तर भातासारखं मऊ. कारण: माती. ही माती अहिवाऱ्याच्या बाजूनं येते, तिकडे चुन्याच्या खाणी. मातीवाल्याला फोनवर मी फक्त माझं मत सांगितलं. त्यानं फोन ठेवला.

दुर्गाला ती दोन फेकायला सांगितली. म्हणाली, मैं ले जाऊं? घेऊन जा म्हटलं. गरिबाला मेलेल्या वस्तूचाही मोह असतो. (हे वाक्य बरं नाही. शाळेतल्या सिस्टर बर्नाडेट असत्या तर खोडायला लावलं असतं. पण पेननं लिहिलंय.)

३ डिसेंबर.

नवीन माती आणली. आईझाडाला आणखी सहा पिल्लं फुटली! पाहा. नऊ वजा दोन अधिक सहा, तेरा. अर्ध्यावर आलो.

एक खटकलं. दुर्गा रोज सकाळी झाडाखालची ताटली घेऊन मोरीकडे जाते. मग परातही उचलून नेते. सांगितलेलं नसताना. आणि हे तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात जातात, दोघं काहीतरी कुजबुजतात, मी आले की गप्प. दुर्गा रजा मागत असणार. ह्यांचा स्वभाव मऊ, म्हणून माझ्याऐवजी ह्यांच्याकडे.

माझा स्वभाव संशयी नाही. फक्त लिहून ठेवते.

७ डिसेंबर, रविवार.

पाण्याचा चोर सापडला!

बुधवार-शनिवार मी सोडून कुणी पाणी द्यायचं नाही हा नियम. आज रविवार. तरी परातीत बोटभर पाणी. आणि परातीपाशी कोण? दुर्गा. हातात परात. विचारलं तर म्हणते, मैं तो फेंकथौं मॅडम. फेकत होते म्हणे! जे घालतं तेच फेकतं, मला दिसत नाही का?

ह्यांना विचारलं, दुर्गा पाणी घालते ना हो? हे माझ्याकडे पाहत राहिले. मग खाली पाहिलं. म्हणाले, "माहीत नाही बा." भिडस्त माणूस. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, म्हणून.

१२ डिसेंबर.

आज चार पिल्लं सडली. दुर्गाला फक्त अर्धा तास बोलले. ती शेवटी एवढंच म्हणाली, झाडाला माझा हात नको असेल तर नाही लावणार. मी म्हटलं, मग येऊही नको. ती पदराला हात पुसून गेली. सोळा वर्षं कामाला होती.

हे फाटकापर्यंत तिच्या मागे गेले. परत आले, जेवले नाहीत. दहा मिनिटांनी म्हणाले, "दुर्गा कावून नाही आली आज?"

मी म्हटलं, सुट्टीवर आहे.

१३ डिसेंबर.

आता झाडं सुधारतील. ठराव:
रोज पहाटे पाचला उठणे.
फरशी स्वतः पुसणे. व्यायाम होतो.
कुणाबद्दल वाईट न लिहिणे.

सकाळी साडेसातला उठले. फरशी उद्या.

१९ डिसेंबर.

परात पाण्यानं भरलेली. आईझाडाची ताटली काठोकाठ. दुर्गा तर नाही. मग कोण? मैनाबाईंच्या कुंपणातून हात पोचतो का, ते मोजलं. माझा पोचतो. त्यांचा नाही, त्या बुटक्या.

ह्यांना हल्ली सगळं अळणी लागतं. भाजीत दोनदा घालतात. डॉक्टर रक्तदाबाला मीठ कमी सांगतात आणि हे जास्त घालतात. पुरुष.

२४ डिसेंबर.

शाळेची आठवण आली. नाताळचा गोठा आम्ही मुली सजवायचो, कापूस लावायचो, इकडे बर्फ कुठला. सिस्टर बर्नाडेट सांगायच्या, डायरीत खोटं लिहिलं तर ते अक्षरात दिसतं. आज मागची पानं उघडून पाहिली. अक्षर चांगलं आहे. किंचित उजवीकडे झुकतं, एवढंच.

पिल्लं: पाच. हळदीकुंकवाला अजून पंचवीस दिवस. दर पाच दिवसांत चार पिल्लं फुटली तर होतं.

२९ डिसेंबर.

आईझाड मधूनच बसलं. आतली पानं पिवळी, ओढली की हातात येतात. वास येतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, दृष्ट वगैरे मानत नाही. लिंबू-मिरची बांधली ती फक्त शोभेला.

रेणूला सांगितलं नाही. तिनं विचारलं, बाबा कसे आहेत? मी म्हटलं, झाडाचं जरा बिघडलंय. ती म्हणाली, आई, मी बाबांचं विचारलं. मी म्हटलं, तेच सांगतेय.

का तसं म्हटलं, कळत नाही. चुकून.

१ जानेवारी.

नवं वर्ष. एकच ठराव, पण पक्का: चोर पकडायचा.

युक्ती ह्यांच्याच जुन्या गोष्टीतून सुचली. कंट्रोल रूममध्ये झाडापाशी एक छोटं रजिस्टर टांगलेलं असायचं. ए शिफ्ट सकाळी सहाला येते, बी शिफ्ट दुपारी दोनला, सी शिफ्ट रात्री दहाला. प्रत्येकाला वाटतं आपणच पाणी द्यावं, भट्टीवाल्यांना तेवढंच सुचतं. तीन शिफ्टनी तीनदा दिलं तर झाड सडतं. म्हणून जो पाणी देईल त्यानं वेळ लिहून सही करायची. पुढचा वाचतो आणि नुसता बघून जातो.

मी वही घेतली, दोरीनं पेन बांधला, खिळ्याला टांगली. वर लिहिलं: पाणी देणाऱ्यानं वेळ लिहून सही करावी. चोर सही करणार नाही. पण चोराला कळेल की घर जागं आहे.

हे वही पाहून इतके खूश झाले. बोटानं पानावरची रेघ चाचपली. "रजिस्टर लावलं का तू? बरं केलं." कितीतरी दिवसांनी असं हसले.

५ जानेवारी, सकाळी १०.

रजिस्टर तपासलं.

६.०० पाणी दिलं. के.
६.१० पाणी दिलं. के.
६.२५ पाणी दिलं. के.
६.५० पाणी दिलं. के.
७.१५ पाणी दिलं. के.

के म्हणजे केवलराम. अक्षर सरळ, टिंबसुद्धा जागच्या जागी. हे काटेकोर आहेत. बहुधा पेन नीट उमटला नसेल म्हणून पुन्हा लिहिलं.

पेन मी वापरून पाहिला. उमटतो.

८ जानेवारी.

दोन वाजता: २.००, २.०५, २.२०, २.३०. कालही. परवाही.

रजिस्टरची पद्धत ह्यांना अजून जमलेली नाही. आधीचं वाचून मग द्यायचं असतं. हे वाचत नाहीत. चष्म्याचा नंबर बदलला असणार. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला हवं.

पिल्लं: दोन.

१३ जानेवारी.

पहाटे उठले तर हे घरात नाहीत. सेफ्टी शूज नाहीत, टिफिन नाही. साडेसातला एका ऑटोवाल्यानं आणून सोडलं. प्लांटच्या गेटवर जुना पास दाखवून आत सोडा म्हणत होते. गेटवरच्या गार्डनं पासावरचा फोन नंबर लावला, तो आमच्या जुन्या क्वार्टरचा, लागला नाही. मग पत्ता विचारून ऑटोत बसवलं. ऑटोवाला म्हणाला, आंटीजी, अंकलजी को अकेला मत छोड़िए.

लोक फार सल्ले देतात.

टिफिन उघडला. रिकामा. खालच्या डब्यात आईझाडाचं एक पिवळं पान.

ह्यांना विचारलं, कुठे गेला होतात? म्हणाले, "ए शिफ्ट." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "नाही नाही. फिरायले गेलतो."

संक्रांत उद्या. तीळ भाजायचे आहेत.

१४ जानेवारी.

तीळ करपले.

१५ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळी.

दुर्गाला परत बोलवायला तिच्या वस्तीत, कॅम्प-१ ला गेले. ह्यांना मैनाबाईंकडे बसवून. कारण फक्त एवढंच की रविवारी पंचवीस बायका येणार, भांडी कोण घासणार. माफी वगैरे मागायला नव्हते गेले.

गल्ली अरुंद, दोनदा विचारावं लागलं. दारात रंगाचा रिकामा डबा आणि त्यात स्पायडर प्लांट. हिरवागार. चार पिल्लं दोरीसारखी खाली लोंबलेली, एक तर शेजारणीच्या बादलीपर्यंत. मी फेकायला दिलेलं, तेच. म्हणाली, सडलेला भाग चाकूनं कापला, मग पाणी कमी दिलं, झालं. आणि आसपासच्या तीन घरांत तिनं पिल्लं दिली आहेत.

मी म्हटलं, आमच्या झाडाला पाणी तूच घालायचीस ना? आतातरी सांग.

ती उभीच राहिली. मग खाली बसली, माझ्या पायांपाशी नाही, समोर, आणि बोलली. जसं आठवतं तसं लिहिते.

बाबूजी खुदे डारथें, मॅडम. दशहरा के पहिली ले.

स्वतःच घालतात. दसऱ्याच्या आधीपासून. सकाळी सहाला आणि दुपारी दोनला, कधी कधी पाच-पाच वेळा. घातलं की दहा मिनिटांत विसरतात. मग तिला येऊन विचारायचे, दुर्गा, मी पाणी देल्लं का वं? ती म्हणायची, हव बाबूजी, दे डरे हव. मग त्यांना बरं वाटायचं, मग बसायचे. जास्तीचं पाणी ती ताटलीतून ओतून टाकायची. मोरीत. रोज.

म्हणजे झाड तिनं जगवलं होतं. आणि मी तिला झाड मारलं म्हणून काढलं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाली, बाबूजींनी शपथ घातली होती. मॅडमले नको सांगू, ती घाबरते. तिनं हे मराठीतच म्हटलं, ह्यांच्या आवाजात. इतक्या वेळा ऐकलं असणार.

तेव्हा कुजबुज ही होती.

त्यांना माहीत होतं. सगळं नाही, पण एवढं की काहीतरी निसटतंय आणि ते मला कळू द्यायचं नाही. मी एकीकडे ह्या डायरीत लपवत होते आणि हे दुसरीकडे दुर्गापाशी.

दुर्गा उद्यापासून येते म्हणाली. पिल्लू देऊ का म्हणाली. मी म्हटलं, नको, आमच्याकडे नको आणू, तुझ्याकडेच राहू दे.

येताना बाजारात थांबून पंचवीस प्लास्टिकच्या डब्या घेतल्या. झाकण लावून पाहिलं. लागत नाही.

१८ जानेवारी, रविवार. हळदीकुंकू झालं.

लिहायला बसले आहे. सिस्टर म्हणायच्या तसं अक्षरात दिसत असेल, दिसू दे.

बावीस बायका आल्या. दुर्गानं उपमा केला, मी तिळगूळ विकतचा ठेवला. डब्या लुटल्या. मैनाबाईंनी डबी हातात घेऊन उलटीपालटी केली, माझ्याकडे पाहिलं आणि ती पदराखाली घेतली. ते पाहणं मला टोचलं.

मग दोन वाजले. हे आतल्या खोलीतून आले, हातात पाण्याचा मग. सगळ्या बायका सतरंजीवर, मध्ये हळदीकुंकवाचं ताट. हे कुणाकडे न बघता व्हरांड्यात गेले, रिकाम्या कुंडीत पाणी घातलं. (आईझाड शुक्रवारीच काढून टाकलं. कुंडी राहू दिली होती.) रजिस्टरमध्ये लिहिलं. मग परत आले, उंबऱ्यात उभे राहिले, गोंधळले. दुर्गाला शोधत होते. ती मागे भांड्यांत. समोर बावीस बायका. शेवटी सगळ्यांनाच विचारलं,

"मी पाणी देल्लं का?"

माझ्या हातातून कुंकवाची कोयरी सतरंजीवर पडली. मला बोलायचं होतं. इतके महिने मी ह्या वहीत कारणं लिहीत होते आणि त्या क्षणी एकही आठवेना.

मैनाबाई उठल्या. पदर सारखा केला. म्हणाल्या, "हाव भाऊजी. माह्यासमोर देल्लं. आता बसा, तिळगूळ घ्या."

हे बसले. बायकांच्या मध्ये, सतरंजीवर. तिळगूळ खाल्ला. मैनाबाईंना म्हणाले, गोड बोला. कुणीतरी हसलं, चांगलं हसलं.

नंतर फाटकापाशी मी मैनाबाईंना म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, "वहिनी, पूर्ण लेनले माहीत आहे दसऱ्यापासून. स्कूटर, दही, सारं. तुम्ही काही बोलून नाही राहिल्या, त आम्हीबी नाही बोललो."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. दुर्गाला, मैनाबाईंना, रेणूला, गार्डला, ऑटोवाल्याला. ह्यांनाही.

सतरंजीवरचा कुंकवाचा डाग निघत नाही.

१९ जानेवारी.

रेणूला फोन केला. खरं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, थँक यू आई. मग मीच रडले.

२२ जानेवारी, गुरुवार.

सकाळी ११ ला डॉक्टर. रेणू पुण्याहून आली, सोबत होती. डॉक्टरांनी विचारलं, केव्हापासून? काय काय? तारखा आठवतात का?

मी पर्समधून ही डायरी काढली. झाडाची म्हणून सुरू केली होती. ३ नोव्हेंबर, दही. ९, फोन. १७, झाड कुणाचं. २१, स्कूटर. १९ डिसेंबर, मीठ. १३ जानेवारी, गेट. डॉक्टर पान उलटत गेले, झाड सोडून सगळं वाचत गेले. म्हणाले, फारच व्यवस्थित नोंदी ठेवल्यात तुम्ही. असं कुणी ठेवत नाही.

ह्यांच्या म्हणून ठेवल्या नव्हत्या, ते मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं.

गोळी लिहून दिली. बरं होत नाही, म्हणाले. सांभाळता येतं.

दुपारी.

२.०० विचारलं, पाणी देल्लं का? हो, दिलं.
२.१० विचारलं. हो, दिलं.
२.२० विचारलं. हो.
२.४० विचारायला आले. उंबऱ्यात उभे राहिले. काय विचारायचं, ते आठवेना.

मीच म्हटलं, हो. दिलं.